गंभीर जखमी रुग्णाची पुढची गुंतागुंत आधी ओळखता येते का? खानदेशातील परिस्थिती आणि काही प्रश्न

पांझराकाठ

धुळ्याजवळ मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे आमच्या अतिदक्षता विभागात अपघाताचा रुग्ण नाही असा आठवडा जात नाही. महामार्गावरच्या रुग्णांखेरीज कन्नड घाटात उलटलेल्या ट्रकमधले, सातपुड्यातल्या वळणावरून जीपसह दरीत गेलेले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली सापडलेले आणि विहिरीचे काम करताना पडलेले रुग्णही येतात. मी भूलतज्ज्ञ असून अतिदक्षता विभागात काम करतो. पहिल्या काही तासांत वाचलेल्या जखमींपैकी नेमका कोण तिसऱ्या दिवशी श्वासाने, पाचव्या दिवशी मूत्रपिंडाने किंवा आठव्या दिवशी जंतुसंसर्गाने पुन्हा खालावेल, हे आधी सांगता येते का, आणि येत असेल तर आपल्या भागात ते कोणत्या साधनांनी सांगावे, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

अपघाती मृत्यूंचे तीन टप्पे असतात, ही मांडणी अमेरिकन शल्यचिकित्सक डोनाल्ड ट्रंकी यांनी 1983 मध्ये केली. काही मृत्यू जागेवरच होतात, काही पहिल्या काही तासांत रक्तस्रावाने किंवा डोक्याच्या इजेने होतात आणि उरलेले कित्येक दिवसांनी किंवा आठवड्यांनी जंतुसंसर्ग व अवयव निकामी होण्याने होतात. चांगल्या यंत्रणेच्या देशांत तिसरा टप्पा आता पुष्कळ लहान झाला आहे. माझ्या अनुभवात आपल्याकडे तो अजून ठळक आहे, आणि त्यातले बरेच रुग्ण असे असतात की त्यांच्या पहिल्या सहा तासांच्या नोंदी मागे वळून वाचल्या तर धोक्याची खूण तिथे लिहिलेली सापडते.

प्रचलित मोजमापांतले एक जुने म्हणजे 1974 चा इंजुरी सिव्हिअॅरिटी स्कोअर. शरीराचे सहा भाग धरून प्रत्येक इजेला तीव्रतेचा आकडा देतात आणि सर्वाधिक इजा झालेल्या तीन वेगवेगळ्या भागांच्या आकड्यांचे वर्ग करून बेरीज करतात. मांडीचे हाड मोडलेले 3, बरगड्या व फुप्फुसाची इजा 3 आणि डोक्याची 2 असेल, तर 9, 9 आणि 4 मिळून 22 होतात. 15 च्या वरचा रुग्ण गंभीर मानला जातो आणि कमाल आकडा 75 आहे. पण हा आकडा सीटी आणि कधी कधी शस्त्रक्रिया झाल्याशिवाय खरा निघत नाही, आणि एकाच भागातल्या दोन मोठ्या इजांपैकी एकच मोजली जाते. दोन्ही मांड्या मोडलेला आणि एक मांडी मोडलेला रुग्ण त्यात सारखेच ठरतात. ही त्रुटी दूर करण्यासाठी 1997 मध्ये सुधारित आवृत्ती आली, तरी पहिल्या तासातल्या निर्णयाला तिचाही उपयोग नाही.

पहिल्या तासासाठी मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो शॉक इंडेक्स. ऑलगोवर आणि बुरी यांनी 1967 मध्ये मांडलेले हे मोजमाप म्हणजे नाडीच्या ठोक्यांना वरच्या रक्तदाबाने भागणे, एवढेच. निरोगी माणसात उत्तर साधारण 0.5 ते 0.7 येते. नाडी 120 आणि रक्तदाब 100 असलेला तरुण बोलत असतो, पाणी मागत असतो, आणि ‘बीपी शंभर आहे’ म्हणून सगळे निर्धास्त होतात, पण त्याचा भागाकार 1.2 येतो. तो आतून रक्त गमावत आहे असेच धरून चालावे. वृद्ध रुग्णाबाबत मात्र सावध राहावे लागते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे त्याची नाडी वाढतच नाही, आणि एरवी 160 रक्तदाब असणाऱ्या माणसाला 110 हासुद्धा शॉक असू शकतो.

याच्या मुळाशी असलेली प्रक्रिया सांगतो, कारण पुढच्या बहुतेक गुंतागुंती तिच्यातूनच निघतात. रक्तपुरवठा कमी पडला की पेशी प्राणवायूवाचून ऊर्जा तयार करू लागतात, लॅक्टेट साचते आणि रक्त आम्लधर्मी होते. शरीर थंड पडते. थंड आणि आम्लधर्मी रक्त नीट गोठत नाही, म्हणून रक्तस्राव वाढतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. लंडनमधील करीम ब्रोही आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवले की, गंभीर जखमींपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण रुग्णालयात पोहोचतानाच रक्त गोठण्याच्या बिघाडासह येतात, म्हणजे हा बिघाड केवळ सलाईनने रक्त पातळ झाल्यामुळे होत नाही. त्यावर आपण वाटेत थंडगार सलाईनच्या बाटल्या एकामागून एक चढवल्या तर तो आणखी वाढतो. जानेवारीतल्या धुळ्याच्या थंडीत उघड्या टेम्पोतून आलेला रुग्ण गार पडतो हे सर्वांना पटते. मात्र रक्त गमावलेला माणूस मे महिन्यातसुद्धा, ओल्या कपड्यांत आणि वातानुकूलित खोलीत, झपाट्याने तापमान गमावतो हे फारसे लक्षात घेतले जात नाही.

प्रवेशाच्या वेळचा एकच आकडा पाहून भाकीत करणे अपुरे आहे, असे माझे मत आहे. लॅक्टेट 5 असलेला आणि सहा तासांत 2 वर आलेला रुग्ण, आणि 3.5 वर येऊन 24 तासांनंतरही तिथेच अडकलेला रुग्ण, यांपैकी मला दुसऱ्याची अधिक काळजी वाटते. पण हा कल पाहायचा असेल तर आधीचे आकडे वेळेसह हातात हवेत. आपला रुग्ण गावातून ग्रामीण रुग्णालयात, तिथून उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात, तिथून धुळे, नाशिक, सुरत किंवा इंदूरला जातो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याची नोंद पुन्हा शून्यापासून सुरू होते. रेफर चिठ्ठीवर ‘प्रकृती गंभीर, पुढील उपचारांसाठी पाठवीत आहोत’ एवढेच असते. इथेच भाकिताची सर्वांत मोठी माहिती हरवते. तालुका पातळीवर आणि वॉर्डात काम करणाऱ्यांनी याविषयी लिहावे, ही विनंती.

सातपुडापायथा

सर, मी नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागात वैद्यकीय अधिकारी आहे. रात्री आमच्याकडे लॅक्टेट किंवा रक्तवायू तपासणी होत नाही. हातात असते ते घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, थर्मामीटर आणि लघवीची पिशवी. त्यामुळे कोणताही स्कोअर पाहताना मी प्रथम एवढेच पाहतो की तो या पाच वस्तूंवर भागतो का.

जपानमधून 2011 मध्ये आलेला गॅप स्कोअर असा भागतो. ग्लासगो कोमा स्केल या शुद्धीच्या मोजमापाचे 3 ते 15 गुण, वय 60 पेक्षा कमी असेल तर 3 गुण, आणि वरचा रक्तदाब 120 पेक्षा जास्त असेल तर 6, 60 ते 120 असेल तर 4. एकूण 24 पैकी 19 किंवा अधिक म्हणजे मृत्यूचा धोका कमी, 11 ते 18 मध्यम, 10 किंवा कमी म्हणजे जास्त. पण आता आपलाच रुग्ण घ्या. तरुण, थोडा गोंधळलेला म्हणून ग्लासगो 14, रक्तदाब 100. बेरीज 21, म्हणजे कमी धोका. त्याची नाडी 130 असली तरी या बेरजेत ती कुठेच येत नाही. म्हणून मी गॅपसोबत शॉक इंडेक्स लिहितोच, आणि दोन्ही परस्परविरोधी आले तर वाईट असेल तो खरा मानतो.

दुसरी अडचण वेळेची. पाश्चात्त्य अभ्यासांत ‘प्रवेशाच्या वेळचा रक्तदाब’ म्हणजे बहुधा अपघातानंतर तासाभरातला रक्तदाब असतो. आमच्याकडे पाड्यावरून झोळीत किंवा बाजेवर रुग्णाला डांबरी रस्त्यापर्यंत आणतात, मग गाडी मिळते. राज्यात 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका सुरू झाल्याने मोठा फरक पडला, हे मान्य करायलाच हवे, परंतु जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे ती बोलवायलाही टेकडी चढावी लागते. पाच तासांनी आलेल्या रुग्णाचा रक्तदाब 110 असेल तर त्याचा अर्थ वेगळा निघतो. ज्यांचा रक्तस्राव फार मोठा होता ते वाटेतच गेलेले असतात, आणि जो पोहोचला आहे त्याच्या मूत्रपिंडाने, स्नायूंनी आणि आतड्याने पाच तास कमी रक्तावर काढलेले असतात. पहिल्या दिवशी मरण्याचा त्याचा धोका कमी आणि चौथ्या दिवशीच्या गुंतागुंतीचा धोका जास्त, असे मी समजतो.

रक्तस्राव आटोक्यात आणणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड या औषधाचा निर्णयही वेळेवरच अवलंबून आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-2 चाचणीत 40 देशांतले 20 हजारांहून अधिक रुग्ण होते आणि त्यांत भारतातली रुग्णालयेही होती. औषध दिलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण 16.0 टक्क्यांवरून 14.5 टक्क्यांवर आले, पण फायदा पहिल्या तीन तासांतच दिसला. त्यानंतर औषध सुरू केलेल्यांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढले. म्हणून अपघाताची वेळ नातेवाईकांना खोदून विचारावी लागते. ‘दिवस मावळताना’, ‘बाजार उठला तेव्हा’ अशा उत्तरांवरून मी घड्याळाची वेळ काढून चिठ्ठीवर लिहितो.

तिसरी गोष्ट ग्लासगो स्केलची. यात बोलण्याचे पाच गुण आहेत. पावरी किंवा भिलोरी बोलणारा रुग्ण, ती भाषा न कळणाऱ्या डॉक्टरसमोर आला की ‘असंबद्ध बोलतो’ असे लिहून त्याचे गुण कापले जातात, आणि पुढच्या रुग्णालयात मराठी समजणारा नातेवाईक नसेल तर आणखी कापले जातात. डोक्याची इजा वाढली असे समजून त्याचे सीटी स्कॅन पुन्हा होते. याच्या उलट, दारूचा वास आला म्हणून खरा गोंधळ दारूच्या खात्यावर टाकला जातो आणि मेंदूतला रक्तस्राव तासन्‌तास तसाच राहतो. मी हालचालीच्या सहा गुणांवर भर देतो. स्वतःचा हात वर करून दाखवायचा आणि त्याने तसा केला की पूर्ण सहा द्यायचे. त्याच्या पाड्यावरचा माणूस किंवा आशाताई सोबत असेल तर बोलण्याचे गुण त्यांच्याकडून पक्के करून घ्यायचे.

आता आपल्या भागाची खास गोष्ट, जी मला कुठल्याच स्कोअरमध्ये दिसलेली नाही. सातपुड्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आहे. 2023 च्या जुलैत राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून तपासणी वाढली असून अनेकांकडे कार्ड असते, पण अपघातात कार्ड घरी राहते. थंडी, प्राणवायूची कमतरता, निर्जलीकरण आणि आम्लता या चारही गोष्टी सिकलसेलचे संकट ओढवतात, आणि अपघातात चारही एकदम येतात. असा रुग्ण छातीच्या गुंतागुंतीकडे इतर कुणाहीपेक्षा लवकर जातो. रक्त चढवण्याआधी नमुना काढून ठेवावा, कारण दुसऱ्याचे रक्त मिसळल्यानंतर तपासणीच्या निकालावर विश्वास ठेवता येत नाही. शिवाय हिमोग्लोबिन 7 आले तर ते आजच्या रक्तस्रावाचे की आधीपासूनचे, हेही एका आकड्यावरून ठरत नाही. दोन तासांनी पुन्हा पाहावे लागते.

गिरणाखोरे

अस्थिरोग विभागातून लिहीत आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. आमच्या विभागात मात्र भाकिताचा आधार आकड्यांहून अधिक वेळापत्रकाचा असतो, कारण प्रत्येक गुंतागुंतीची येण्याची वेळ बरीचशी ठरलेली आहे.

पहिल्या दिवसात कंपार्टमेंट सिंड्रोम. नडगीचे हाड मोडल्यावर स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढतो आणि रक्तपुरवठा थांबतो. पायाच्या बोटांना नाडी लागते म्हणून पाय सुरक्षित आहे असे मानणे धोक्याचे आहे, कारण नाडी सर्वांत शेवटी जाते. इजेच्या मानाने फार जास्त वेदना आणि बोटे हलक्या हाताने ताणल्यावर उठणारी कळ, या खऱ्या खुणा आहेत. खालचा रक्तदाब आणि कप्प्यातला दाब यांतले अंतर 30 पेक्षा कमी झाले तर कप्पा उघडावा लागतो. सहा तासांच्या पुढे स्नायू मरू लागतात. बेशुद्ध रुग्ण वेदना सांगू शकत नाही, म्हणून त्याचा पाय दर तासाला हाताने दाबून पाहावा.

एक ते तीन दिवसांत फॅट एम्बोलिझम, म्हणजे मोडलेल्या हाडातली चरबी रक्तात उतरून फुप्फुसात आणि मेंदूत अडकणे. मांडीचे हाड मोडलेला विशीतला मुलगा, डोक्याला मार नाही, पहिल्या दिवशी बोलतो, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा श्वास वाढतो, तो बडबडू लागतो, काखेत, छातीवर आणि डोळ्यांच्या पापणीच्या आत बारीक लाल ठिपके दिसतात. ठिपके सर्वांत खात्रीची खूण असली तरी ते सर्वांत आधी दिसतील असे नाही. त्याच्या काही तास आधी ऑक्सिमीटरचा आकडा 97 वरून 93, मग 91 असा हळूहळू उतरत असतो, आणि ऑक्सिजन लावून तो आकडा झाकला की ही उतरण कुणाला दिसत नाही. म्हणून ऑक्सिजन किती लिटरने चालू होता, हे आकड्याशेजारी लिहिलेच पाहिजे.

चिरडलेल्या पायाच्या रुग्णांत मूत्रपिंड. हा संबंध बायवॉटर्स आणि बील यांनी 1941 मध्ये लंडनवरच्या बॉम्बवर्षावातल्या ढिगाऱ्याखालून काढलेल्या लोकांवरून लिहिला. आपल्याकडे ढिगाऱ्याच्या जागी ट्रॉली असते. चिरडलेल्या स्नायूंतून मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते, लघवी काळ्या चहासारखी होते आणि पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकते. इजा झालेल्या स्नायूंतून रक्तात येणारे सीके हे एन्झाइम 5000 च्या पुढे गेले की मूत्रपिंडाचा धोका स्पष्ट वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत, जळगाव-भुसावळकडे पारा 44–45 अंशांवर असताना, सकाळपासून शेतात घाम गाळलेला मजूर ट्रॉलीखाली येतो तेव्हा त्याचे मूत्रपिंड अपघाताच्या आधीच कोरडे पडलेले असते. अशा रुग्णाला लगेच भरपूर द्रव हवे, तर पोटात रक्तस्राव असलेल्याला द्रव मोजून आणि रक्त लवकर हवे. दोन्ही एकाच रुग्णात असतील तर कोणताही स्कोअर हा पेच सोडवत नाही. तिथे अनुभवी माणूस खाटेजवळ उभा राहावा लागतो.

राहिला प्रश्न मांडीचे हाड कधी बसवायचे याचा. सर्वच हाडांची शस्त्रक्रिया पहिल्या दिवशी करण्याचा आग्रह आता कमी झाला आहे. लॅक्टेट 4 च्या खाली उतरलेले आहे का, शरीर गरम आहे का, रक्त गोठते आहे का, हे पाहून कायमची सळई टाकावी. नसेल तर बाहेरून पिना लावून हाड स्थिर करावे आणि थांबावे. अर्धवट सावरलेल्या रुग्णावर मोठी शस्त्रक्रिया म्हणजे त्याच्या फुप्फुसांवर दुसरा आघात असतो. नातेवाईक विचारतात की ऑपरेशन का लांबवता. त्यांना हे कारण बसून समजावले पाहिजे.

यावलरावेर

नमस्कार. मी डॉक्टर नाही, केळीचा शेतकरी आहे. माझ्या चुलतभावाच्या दोन्ही पायांवरून भरलेली ट्रॉली गेली होती. तो वाचला, आज काठीने चालतो. तिसऱ्या दिवशी त्याला एकाएकी डायलिसिसला घ्यावे लागले, आणि आम्हाला ते आभाळातून कोसळल्यासारखे वाटले, कारण आदल्या दिवशी तो आमच्याशी व्यवस्थित बोलला होता. आज वरचे वाचताना आठवले की, पहिल्या रात्री एका खासगी दवाखान्यात असताना त्याची लघवी तांबडी-काळी होती. आम्ही ती पाहिली होती, पण ती सांगण्यासारखी गोष्ट आहे हे आम्हाला माहीत नव्हते आणि आम्हाला कुणी विचारले नाही.

माझा प्रश्न असा आहे की, खाटेजवळ चोवीस तास बसणाऱ्या आमच्यासारख्यांनी काय पाहावे आणि कुणाला सांगावे? आम्ही तर सलाईन संपली की नाही एवढेच बघतो.

रात्रपाळी

दादा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी देते. मी जळगावात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे.

तुम्ही पाहिलेली लघवीच सर्वांत मोलाची खूण होती. रंग बदलला, किंवा पिशवीत तासाभरात भर पडली नाही, तर लगेच सिस्टरला सांगा. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिली लघवी हवी. पायांना चिरड बसलेली असेल तर याहून पुष्कळ जास्त व्हावी म्हणून आम्ही प्रयत्न करतो. दुसरे, श्वास. माणूस झोपलेला असताना त्याची छाती एका मिनिटात किती वेळा वर येते ते घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजा. वीसच्या पुढे आणि वाढत असेल तर सांगा. मी हे आग्रहाने लिहिते, कारण श्वासाचा आकडा हाच वॉर्डात सर्वांत निष्काळजीपणे लिहिला जाणारा आकडा आहे. ओळीने सगळ्या रुग्णांपुढे 18 किंवा 20 लिहिलेले असते. नाडी आणि रक्तदाब यंत्र सांगते, श्वास मात्र माणसाने मोजावा लागतो, आणि फुप्फुस, जंतुसंसर्ग, फॅट एम्बोलिझम किंवा फुप्फुसात गेलेली रक्ताची गुठळी यांपैकी काहीही होणार असेल तर पहिला बदल बहुधा तिथेच होतो.

तिसरे, स्वभाव. आई-बापाला, बायकोला आपला माणूस ‘वेगळा बोलतोय’ हे आमच्या आधी कळते. डोक्याला मार असलेला रुग्ण चिडचिडा झाला, उगाच उठू लागला, किंवा अचानक शांत झाला, तर त्याला झोप आली असेल असे समजू नका.

चौथे, वेदनेची तक्रार. एका आजींचा नातू रात्रभर ‘मना पाय भलता दुखी राह्यना’ म्हणत होता आणि इंजेक्शन देऊनही थांबत नव्हता. फ्रॅक्चर आहे, दुखणारच, असे म्हणून ती तक्रार बाजूला ठेवता आली असती. डॉक्टरांना उठवून पट्टी सोडवून पाहिले, आणि पाय वेळेत उघडल्यामुळे वाचला. औषध देऊनही वाढणारी वेदना ही रुग्णाची कुरकुर समजू नये, ती मोजमाप म्हणूनच नोंदवावी.

चौथ्या-पाचव्या दिवसानंतरचे वेळापत्रक वेगळे असते. व्हेंटिलेटरवर असलेल्याला न्यूमोनिया, झोपून राहिलेल्याला पायाच्या शिरांत गुठळी आणि पाठीला जखमा. कॅनडात 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुठळी रोखणारे औषध न दिलेल्या गंभीर जखमींची तपासणी केली, तेव्हा 58 टक्के रुग्णांच्या पायांत गुठळ्या सापडल्या, आणि बहुतेकांना काहीच लक्षणे नव्हती. म्हणजे पाय सुजण्याची वाट पाहून चालत नाही. रक्तस्राव थांबल्याची खात्री झाली की औषध कधी सुरू करायचे, हे आम्ही राउंडला रोज विचारतो. बरगड्या मोडलेला रुग्ण दुखते म्हणून खोकत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. त्याची वेदना कमी करणे हाच न्यूमोनियाचा प्रतिबंध असतो. खोकताना छातीला उशी धरायला नातेवाईक मदत करू शकतात.

आकडेमोड

मी संख्याशास्त्र शिकवतो, वैद्यक माझे क्षेत्र नाही. चर्चेत संगणकीय भाकिताचा विषय अजून आला नाही, म्हणून लिहीत आहे. यंत्रशिक्षणाच्या पद्धतींनी जखमींची गुंतागुंत आधी ओळखण्याचे अनेक प्रयत्न प्रसिद्ध होत आहेत आणि त्यांच्या अचूकतेचे आकडे आकर्षक असतात. ते वाचताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. धोका जास्त असलेल्याला कमी असलेल्याच्या वर ठेवता येणे ही एक क्षमता. आणि ‘30 टक्के धोका’ म्हटलेल्या शंभर जणांपैकी खरोखर तीसच्या आसपास लोकांना गुंतागुंत होणे ही दुसरी. परदेशातल्या रुग्णांवर बांधलेले प्रारूप आपल्याकडे आणले तर पहिली क्षमता बरीचशी टिकते, दुसरी बहुधा कोसळते, कारण वेळ, वय, वाहनाचा प्रकार आणि उपचार सगळेच वेगळे असते.

दुसरा मुद्दा साध्या अंकगणिताचा आहे. समजा शंभर जखमींपैकी दहांना मूत्रपिंडाचा त्रास होणार आहे, आणि आपली पद्धत त्रास होणाऱ्या 80 टक्के लोकांना पकडते व न होणाऱ्या 80 टक्के लोकांना बरोबर सोडते. तर ती दहांपैकी आठ पकडेल, आणि उरलेल्या नव्वदांपैकी अठरांवर खोटी घंटा वाजवेल. सव्वीस घंटांपैकी आठ खऱ्या. घंटेनंतर करायची गोष्ट लघवीवर तासाला लक्ष ठेवणे एवढीच असेल तर हे प्रमाण उत्तम आहे. घंटेनंतर रुग्णाला चार तास दूरच्या शहरात हलवायचे असेल, तर अठरा कुटुंबांना तो प्रवास आणि खर्च विनाकारण सोसावा लागेल. म्हणून भाकितानंतर काय करणार आहोत हे आधी ठरवावे आणि मगच धोक्याची सीमारेषा ठरवावी.

भारतीय आकडेवारी अगदीच नाही असे नाही. मुंबई, दिल्ली आणि कोलकाता येथील सार्वजनिक रुग्णालयांत 2013 ते 2015 या काळात सुमारे 16 हजार जखमींची नोंद करणारा टिटको हा प्रकल्प झाला. पण ती महानगरे आहेत. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिघांनी एकाच नमुन्यात नोंद ठेवली तर काही वर्षांत खानदेशासाठी जुने स्कोअर तपासून त्यांची सीमारेषा बदलता येईल. त्यासाठी एकच विनंती आहे. जे मोजले नाही तिथे ‘मोजले नाही’ असे लिहा. अंदाजाने भरलेला 18 किंवा 120 हा रिकाम्या जागेपेक्षा जास्त नुकसान करतो.

सातपुडापायथा

सरांच्या मुद्द्याला जोडून एक गंभीर भीती मांडतो. आकडा वाईट आला की ‘वाचण्याची शक्यता नाही’ असे सांगून रुग्णाला न घेणे, किंवा नातेवाईकांनीच त्याला घरी नेणे, हे घडते. समूहासाठी काढलेला धोका एका माणसावर निकाल म्हणून लावला जातो. जास्त धोक्याचा आकडा म्हणजे जास्त लक्ष आणि लवकर रक्त, असा अर्थ निघाला पाहिजे. तसा अर्थ निघणार नसेल, तर मी माझ्या चिठ्ठीवर स्कोअरची बेरीज लिहिणार नाही, फक्त मोजमापे लिहीन.

पांझराकाठ

तुमची भीती रास्त आहे, आणि तुमचा उपायही मला पटतो. बेरीज घेणाऱ्या रुग्णालयाने करावी, पाठवणाऱ्याने कच्चे आकडे द्यावेत. पैशांअभावी रुग्ण हलवण्याचा किंवा घरी नेण्याचा प्रश्न निदान पहिल्या दिवसांपुरता सुटावा म्हणून 2025 च्या मे महिन्यात केंद्र सरकारने रस्ते अपघातातील जखमींसाठी सात दिवस आणि दीड लाख रुपयांपर्यंतच्या विनारोकड उपचारांची योजना अधिसूचित केली आहे, ती नातेवाईकांना पहिल्या तासात सांगायला हवी.

या चर्चेवरून रेफर चिठ्ठीच्या मागच्या बाजूसाठी मी असा मजकूर सुचवतो. अपघाताची वेळ आणि ती कुणी सांगितली. नाडी, वरचा-खालचा रक्तदाब, मिनिटभर मोजलेला श्वास, ऑक्सिमीटरचा आकडा आणि त्या वेळी चालू असलेला ऑक्सिजन, तापमान, ग्लासगोचे तीन भाग वेगवेगळे, या सर्वांसाठी तीन रकाने: आल्यावर, अर्ध्या तासाने आणि निघताना, प्रत्येकावर घड्याळाची वेळ. त्याखाली लघवी किती आणि कोणत्या रंगाची, किती सलाईन व किती रक्त गेले, ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड दिले असल्यास वेळ, रुग्णाची भाषा, सिकलसेल माहीत आहे का, आणि नेहमीची औषधे. रुग्णवाहिकेत सोबत असणाऱ्याने चौथा रकाना भरावा.

रात्रपाळी

सर, त्यात आणखी एक ओळ हवी: ‘नातेवाईकांनी काय पाहिले’. दादांनी पाहिलेली लघवी तिथे लिहिली गेली असती. आणि तापमानासाठी वॉर्डात चालू स्थितीतला थर्मामीटर असतो का, हे आधी तपासावे लागेल.

सातपुडापायथा

रकाने तीनच ठेवा सर, रात्री मी आणि एक सिस्टर एवढेच असतो, तीन रकाने भरले जातील. भाषेची ओळ वर, नावाच्या शेजारी घ्या. थर्मामीटर आमच्याकडे आहे. सोमवारपासून साध्या कागदावर आखून सुरू करतो, धुळ्याला येणाऱ्या पहिल्या रुग्णासोबत तो कागद पाठवतो. त्यातले काय वाचता येते आणि काय नाही, ते तुम्ही इथेच कळवा.